सहा आठवडे रानात: पीएचडी चालू असताना उष्णकटिबंधीय फील्ड कोर्सला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. काम उपग्रहाच्या प्रतिमांवरून वर्षावनांचा अभ्यास करण्याचं, पण आजवर एकाही वर्षावनात पाय ठेवलेला नाही. उष्णकटिबंधीय जीवशास्त्राच्या सहा आठवड्यांच्या फील्ड कोर्सला अर्ज करायची इच्छा आहे, गाइड मात्र म्हणतात, वेळ वाया जाईल. झाडं ओळखता येत नाहीत, साप-किड्यांची धास्ती वाटते, आणि एवढं करून पेपर निघेल का, हीसुद्धा शंका आहे.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, म्हणजे ती मध्येमध्ये डोकं वर काढणार नाही. पेपर बहुधा निघणार नाही. तीन-चार दिवसांत जमवलेल्या मोजमापांवर क्वचित एखादा छोटा शोधनिबंध होतो, पण त्या आशेवर जाऊ नका. तरीही जा, आणि प्रबंधाचा विषय पक्का होण्याआधी जा. तुमच्या बाबतीत म्हणजे आत्ताच. मी असा कोर्स आधी विद्यार्थिनी म्हणून केला, मग बरीच वर्षं शिकवला. ज्यांना तो सगळ्यात जास्त लागू पडला, ते पक्षी-फुलपाखरांची नावं घडाघडा सांगणारे नव्हते. तुमच्यासारखे होते, संगणकावर जंगल ओळखणारे.

का, ते एका हिशेबाने सांगते. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, पाणी चढलं आणि एका डोंगराचं बेट झालं. तेच बारो कोलोराडो. १९२३ पासून ते संशोधनासाठी राखीव आहे आणि १९४६ पासून स्मिथसोनियन या अमेरिकी संशोधन संस्थेच्या ताब्यात. स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या पर्यावरणशास्त्रज्ञांनी १९८०च्या सुमारास तिथे ५० हेक्टरचा प्लॉट आखला आणि एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेलं प्रत्येक खोड मोजून त्याला क्रमांक दिला. दोन लाखांहून जास्त खोडं भरली, आणि जाती सुमारे तीनशे. आता तुमचा १० मीटरचा पिक्सेल, म्हणजे उपग्रहाच्या प्रतिमेतला १० मीटर बाजूचा एक चौकोन, त्या प्लॉटवर ठेवून बघा. एका पिक्सेलमध्ये चाळीसच्या वर खोडं येतात. वरून दिसतो तो एखाद्या किंवा फार तर दोन-तीन झाडांचा माथा, बाकीची सगळी त्यांच्या सावलीत. हा भागाकार खुर्चीत बसूनही करता येतो, मान्य. पण त्या चाळीस खोडांच्या मधे उभं राहून वर बघितलं, दुपारी बारा वाजता पायाजवळ संध्याकाळसारखा उजेड दिसला, की आपण ज्याला आजवर ‘वनाच्छादन’ म्हणत होतो ते नेमकं कशाचं मोजमाप होतं हा प्रश्न आपोआप पडतो. तो पडावा म्हणून जायचं.

या कोर्सांची कुळकथा थोडी सांगायला हवी, कारण आजची त्यांची घडण तिथूनच आली आहे. पर्यावरणशास्त्राची पाठ्यपुस्तकं बराच काळ थंड प्रदेशातल्या जंगलांवरून, तळ्यांवरून आणि गवताळ मैदानांवरून लिहिली जात होती. जगातल्या बहुतेक जाती मात्र दुसरीकडेच राहत होत्या. १९६३ मध्ये अमेरिकेतली काही विद्यापीठं आणि कोस्टा रिका विद्यापीठ यांनी एकत्र येऊन ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज, म्हणजे ओटीएस, ही संस्था काढली. त्याच वर्षी कोस्टा रिकात दोन महिन्यांचा एक कोर्स झाला. त्यात पुढे नावाजलेले पर्यावरणशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन विद्यार्थी म्हणून होते आणि १९६५ मध्ये तेच शिकवायला परत आले. १९६८ मध्ये ओटीएसने वनस्पतिशास्त्रज्ञ लेस्ली होल्ड्रिज यांच्याकडून ला सेल्वा ही जागा घेतली. वर्षाला सरासरी चार मीटर पाऊस पडणारं सखल वर्षावन. आज पदव्युत्तर फील्ड कोर्स म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. इंग्रजीबरोबर स्पॅनिशमधूनही ओटीएसचा कोर्स चालत आला आहे. आफ्रिका आणि आग्नेय आशियाकडे ओढा असेल तर ट्रॉपिकल बायॉलॉजी असोसिएशनचे महिनाभराचे कोर्स बघा. युगांडातलं किबाले, टांझानियातलं अमानी, मादागास्करमधलं किरिंडी आणि बोर्निओतलं दानुम खोरं अशा ठिकाणी ते झाले आहेत.

साचा सगळीकडे साधारण सारखाच असतो. नव्या ठिकाणी पोचलात की पहिल्या दिवशी नुसतं फिरणं. दुसऱ्या दिवशी शिक्षक एक तयार प्रश्न देतात. मोजणी, विश्लेषण आणि सादरीकरण सगळं एक-दोन दिवसांत. मग तीन-चार जणांच्या गटाने स्वतःचा प्रश्न काढायचा. शेवटी एकट्याने. सगळे अहवाल एकत्र बांधून कोर्सचं पुस्तक होतं. पहाटे साडेचार-पाचला हाउलर माकडं घसा फोडून ओरडतात, तेव्हा गजर लावायची गरज नाही. रात्री दहाला कोणीतरी अजून आर या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेत आलेख काढत बसलेलं असतं आणि प्रोजेक्टरच्या पडद्यावर पतंग जमलेले असतात. मधला वेळ तुमचा, असं वेळापत्रकात लिहिलेलं असतं.

कोर्समध्ये खरं काय घडतं ते एका प्रोजेक्टवरूनच सांगते.

तिघांचा गट होता. पाने कापणाऱ्या मुंग्यांवर काम करायचं ठरलं. दर कोर्समध्ये कोणीतरी हे करतंच, कारण मुंग्या रस्त्यावरच भेटतात, हिरव्या झेंड्यांची मिरवणूक निघाल्यासारख्या. प्रश्न सरळ होता: मोठी मुंगी मोठा तुकडा उचलते का? दोन दिवस ते एका वाटेशेजारी बसले. चिमट्याने मुंगी उचलायची, पानाचा तुकडा सोडवायचा, दोन्ही वेगवेगळ्या कुप्यांत टाकायचे, प्रयोगशाळेत नेऊन मिलिग्रॅमपर्यंत वजन करायचं. २४० मुंग्या झाल्या. हातांना इतके चावे, की बोटं सुजून पेन्सिल धरवेना. रात्री आलेख पडद्यावर आला, ठिपक्यांमधून रेघ छान चढत गेलेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, “वारुळं किती?”

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, “एकच.”

म्हणजे २४० मुंग्या मोजूनही वारुळांच्या हिशेबात नमुना एकाचाच. त्या वारुळातल्या मुंग्यांबद्दल ते छातीठोकपणे बोलू शकत होते, पण या जातीबद्दल नाही. याला छद्म-पुनरावृत्ती म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांचा यावरचा १९८४ चा निबंध त्या तिघांनीही आधी वाचलेला होता, एकाने तर त्यावर सेमिनारही दिला होता. वाचलेलं हाताशी येत नाही ते असं. जेव्हा दोन दिवसांचे चावे त्यात जमा असतात, तेव्हा मात्र आयुष्यभर विसरत नाही. त्यातल्या एकीच्या प्रबंधाचा आराखडा मी पुढे वाचला. पहिल्याच पानावर ‘स्वतंत्र एकक कोणतं’ याची चर्चा होती. मला हसू आलं.

पण त्या रात्रीची खरी गोष्ट वेगळीच होती. चर्चा संपत आली तेव्हा तीच मुलगी सहज म्हणाली, “काही तुकड्यांवर एकेक बारीक मुंगी बसलेली असायची. वजन चुकू नये म्हणून आम्ही ती झटकून टाकायचो.” किती तुकड्यांवर, ते लिहून ठेवलं होतं का? नव्हतं. प्रश्न समोर स्वार होऊन चालला होता आणि यांनी तो झटकून टाकला होता. पान वाहणाऱ्या मुंगीचे जबडे गुंतलेले असतात, त्यामुळे तिला स्वतःचा बचाव करता येत नाही. फोरिड नावाच्या बारक्या माश्या तिच्या अंगात अंडी घालतात. वर बसलेली चिमुकली मुंगी त्या माशीला हुसकावते. फोरिड माश्या दिवसा उडतात. मग रात्री स्वार कमी असायला हवेत, नाही का? हे मी तिला सांगितलं नाही. “रात्री एकदा जाऊन बघ,” एवढंच म्हणाले. अशा वेळी तोंड बंद ठेवणं हे शिक्षकाचं सगळ्यात अवघड काम असतं.

शेवटच्या आठवड्यात तिने एकटीने तेच केलं. पाच वारुळं, दिवसा आणि रात्री, लाल उजेडात, दर वेळी शंभर तुकडे. एका वारुळाच्या मुंग्यांनी पहिल्या मोठ्या सरीबरोबर पानं तिथेच टाकून घर गाठलं, ती रात्र फुकट गेली. उरलेल्या चारपैकी तीन ठिकाणी फरक स्पष्ट होता, चौथ्या ठिकाणी नाही. नंतर तिला कळलं की स्वारांवर आणि फोरिड माश्यांवर आधीच कोणी कोणी काम केलेलं आहे. दुपारभर तोंड पाडून बसली होती. मला तर आनंद झाला. तीन आठवड्यांपूर्वी ‘मोठी मुंगी मोठं पान’ विचारणारी मुलगी नुसतं डोळे उघडे ठेवून अशा प्रश्नापर्यंत पोचली होती, ज्यावर जाणत्या लोकांनी वर्षं घालवली आहेत.

हे प्रयोगशाळेत का घडत नाही? प्रयोगशाळेत चूक महाग असते. सहा महिन्यांनी कळते, पैसे गेलेले असतात, गाइडचं तोंड वाकडं झालेलं असतं, म्हणून आपण ती लपवतो. कोर्समध्ये चूक दोन दिवसांची असते. त्याच रात्री वीस जणांसमोर उघडी पडते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नवा डाव सुरू. पीएचडीच्या पाच वर्षांत माणूस पूर्ण प्रयोग आखतो किती? दोन, तीन. इथे सहा आठवड्यांत आठ-दहा होतात. गाइडना सांगायचं असेल तर हेच सांगा. निसर्गसौंदर्याबद्दल बोलू नका, त्यांना ते सहलीसारखं ऐकू येईल.

एकाच जागी बसून राहणाऱ्या कोर्सपेक्षा जागा बदलणारा कोर्स मला बरा वाटतो, प्रवासात दिवस मोडले तरी. कोस्टा रिकासारख्या लहान देशात कोरडं वन, सखल वर्षावन, ढगांचं वन आणि पारामो, म्हणजे उंच डोंगरावरचा झाडं नसलेला गवत-झुडपांचा प्रदेश, हे सगळं एकाच कोर्समध्ये बसतं. पालो व्हर्देच्या कोरड्या वनात कोरड्या महिन्यांत झाडं निष्पर्ण असतात आणि घामाने शर्ट पांढरा होतो. तिथून निघून सेरो दे ला मुएर्तेला, म्हणजे तीन हजार मीटरच्या वर, गेलात की रात्री दात वाजतात. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंश उतरतं, हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. मी विद्यार्थ्यांना एकेक साधा थर्मामीटर हातात देऊन गाडीत बसवते आणि दर वळणावर आकडा लिहायला लावते. जॅन्झेन यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा असा होता, की उष्ण कटिबंधात एखाद्या उंचीवरचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, त्यामुळे तिथल्या जिवांना तेवढ्याच अरुंद पट्ट्याची सवय असते. म्हणून त्यांच्या दृष्टीने डोंगर जास्त उंच. थंड प्रदेशातल्या प्राण्याने हिवाळा-उन्हाळा दोन्ही सोसलेले असतात, त्याला खिंड ओलांडताना नवं असं काही भेटत नाही. एका दिवसात घाम आणि हुडहुडी दोन्ही अनुभवलेल्या माणसाला हा युक्तिवाद पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. तुमच्या प्रतिमांमध्ये उंचीचे पट्टे रंगाने दिसतात ना? त्यांच्या कडा इतक्या ठळक का, याचा विचार तिथे करा.

झाडं ओळखता येत नाहीत याची लाज नको. तीनशे जाती कोणालाच येत नाहीत. आणि फुलं येण्याची वाट बघत बसलात तर काही ओळखायचं राहिलंच, कारण बहुतेक झाडं बहुतेक वेळ फुलांवर नसतात, असली तरी फुलं तीस मीटर वर. म्हणून पानांवरून कुळं शिका. वीसेक कुळं आली की निम्मं जंगल ओळखीचं वाटू लागतं. पान तोडून चुरगाळा, मसाल्यासारखा वास आला तर लॉरेसीचा संशय घ्या. पांढरा चीक आला तर मोरेसी मनात आणा, पण चीक येणारी कुळं आणखी आहेत, तेव्हा फांदीच्या टोकाशी टोपीसारखं आवरण गुंडाळलेलं आहे का आणि ते गळून गोल वण राहिलाय का, ते बघा. पानं समोरासमोर, कडा अखंड, आणि दोन देठांच्या मधे खोडावर छोटं त्रिकोणी उपपर्ण दिसलं की रुबिएसी, कॉफीचं कूळ. पानाच्या तळाशी तीन किंवा जास्त शिरा निघून टोकाकडे कमानीसारख्या धावतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा शिडीच्या पायऱ्यांसारख्या असतात, तर मेलॅस्टोमॅटेसी. सांधे फुगलेले आणि मेणबत्तीसारखे तुरे उभे, मग पायपर, मिरीची प्रजाती. निघण्याआधी एवढं जरी आलं तरी पहिल्या फेरीत तुम्ही मागे पडणार नाही. पक्ष्यांची नावं आपोआप कानावर पडतात. कोर्समध्ये दोन पक्षीवेडे असतातच, ते तुमची सुटका करणार नाहीत.

आता भीतीबद्दल. ती योग्यच आहे, फक्त चुकीच्या गोष्टींची आहे. मोठी सस्तन जनावरं दिसली तर नशीब समजा. साप म्हणाल तर मध्य अमेरिकेच्या सखल रानात टर्सिओपेलो या विषारी सापाची, म्हणजे बोथ्रॉप्स ॲस्परची, काळजी घ्यावीच लागते. उपाय कंटाळवाणे आहेत. गुडघ्याखालपर्यंत येणारे रबरी गमबूट, रात्री हेडलॅम्प, ओंडका ओलांडण्याआधी पलीकडे नजर, आणि न बघता कुठेही हात ठेवायचा नाही. कोस्टा रिका विद्यापीठाची क्लोदोमिरो पिकादो संस्था प्रतिविष बनवते. तेव्हा कोर्सवाल्यांना विचारायचा प्रश्न ‘साप आहेत का’ हा नाही. प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर, आणि रात्री दोनला गाडी कोण चालवणार, हे विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा.

न बघता हात ठेवू नका म्हटलं ते सापापेक्षा बुलेट अँट या जबर डंखाच्या मोठ्या मुंगीसाठी जास्त. पायवाटेच्या कठड्यावर, वेलीवर, झाडाच्या बुंध्यावर ती निवांत फिरत असते. तिचा डंख मला एकदा बसला आहे, डाव्या तळहाताला. त्या दिवसाच्या वहीत दुपारी तीननंतर काहीच लिहिलेलं नाही. बॉटफ्लाय नावाच्या माशीची गोष्ट सगळे चवीने सांगतात: ती आपली अंडी डासावर चिकटवते, डास तुम्हाला चावतो आणि अळी कातडीत शिरते. किळसवाणी खरी, पण सहसा निरुपद्रवी. फोडाच्या जागी आत काहीतरी वळवळतंय असं वाटलं तर पिळू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या. लीशमॅनिया या परजीवीमुळे होणाऱ्या आजाराकडे मात्र दुर्लक्ष नको. वाळूमाशीच्या चाव्यातून येतो, परतल्यावर आठवड्यांनी किंवा महिन्यांनी न दुखणारी, न भरणारी जखम होते, आणि तुमच्या डॉक्टरांनी ती आधी कधी पाहिलेली नसण्याचीच शक्यता जास्त. कुठल्या रानात होतात हे त्यांना तुम्हीच सांगायचं. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: वारा सुटला की रानातून बाहेर पडा. वरून फांद्या पडतात, आणि तीस मीटरवरून पडलेली फांदी टोपी बघत नाही.

माणसांपासून होणारा त्रास हा याहून मोठा विषय. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात क्षेत्रीय काम करणाऱ्या ६६६ जणांनी उत्तरं दिली. त्यातल्या सुमारे ६४ टक्के लोकांनी लैंगिक छळाचा अनुभव सांगितला, आणि झळ बसलेल्यांत विद्यार्थी आणि नवखेच जास्त होते. म्हणून अर्ज करण्याआधी आचारसंहिता मागा. ती लेखी आहे का आणि तक्रार करायची तर कोर्सचालक सोडून दुसरं कोण आहे, हे बघा. मी ज्या कोर्समध्ये विद्यार्थिनी होते तिथे असं कोणी नव्हतं. एक प्रकार घडला, सगळ्यांना माहीत होता, आणि जिच्याबाबत घडला तीच चौथ्या आठवड्यात परत गेली. पुढे शिकवू लागले तेव्हा पहिल्या संध्याकाळी सापांच्याही आधी याबद्दल बोलायचं, हा नियम मी स्वतःला घालून घेतला.

साध्या भांडणांचीही तयारी ठेवा. वीस माणसं, ओले मोजे, एकच प्रिंटर. साधारण तिसऱ्या आठवड्यात वातावरण तापतं. कोण काम टाळतं, कोण प्रत्येक सादरीकरणात प्रश्न विचारून शहाणपणा दाखवतं, यावर कुजबुज सुरू होते. एक संध्याकाळ एकट्याने झोपून काढली तर कोणी तुम्हाला माणूसघाणं म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी काढा.

कोर्स निवडताना जाहिरातीतले फोटो बघू नका. मागच्या वर्षीचं कोर्सचं पुस्तक मागा. त्यातले अहवाल वाचले की अर्ध्या तासात कळतं. सगळ्या प्रकल्पांचे निकाल सुबक आणि अपेक्षित आले असतील तर शिक्षकांनी प्रश्न आयते दिले असणार. ‘काहीच फरक आढळला नाही, कारण आम्ही चुकीची गोष्ट मोजत होतो’ असं लिहिलेले दोन-तीन अहवाल सापडले तर तिथे अर्ज करा. एकट्याने करायचा प्रकल्प किमान एक तरी असावा. शिक्षक आळीपाळीने येणारे असले तरी कोणीतरी एकजण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत असायला हवा. दोन आठवड्यांचे कोर्सही निघतात. ओळख करून घ्यायला ठीक, पण चूक करून ती सुधारायला तेवढे दिवस पुरत नाहीत.

आणि ज्या देशात कोर्स आहे तिथले किती विद्यार्थी आणि शिक्षक त्यात आहेत, ते नक्की बघा. हा फक्त न्यायाचा प्रश्न नाही, तो शिकण्याचाही आहे. बाहेरून यायचं, नमुने न्यायचे, पेपर छापायचे आणि तिथल्या कोणाचं नावही नाही, या पद्धतीवर आता उघड टीका होते, आणि व्हायलाच हवी. कोस्टा रिकातल्या गुआनाकास्तेमध्ये जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स यांनी आसपासच्या गावांतल्या लोकांना कीटक गोळा करणं, पाळणं आणि प्राथमिक ओळख पटवणं शिकवून पॅराटॅक्सॉनॉमिस्ट तयार केले. त्यांच्याइतकी सुरवंटांची जाण असलेला पीएचडीवाला मला अजून भेटलेला नाही. स्टेशनवरचे वाटाडे, प्लॉटमधली झाडं वर्षानुवर्षं मोजणारे सहायक, यांच्यासोबत एक सकाळ घालवायला मिळाली तर व्याख्यान बुडवा. मी शिक्षक असूनही सांगते. परवान्यांचंही तसंच. एखाद्या देशातली जैविक संसाधनं कोणी, कोणत्या अटींवर वापरायची याबद्दलचा, २०१० मध्ये स्वीकारलेला आणि २०१४ पासून लागू झालेला नागोया करार आहे, शिवाय प्रत्येक देशाचे आपले कायदे. आठवण म्हणून एखादी बी खिशात टाकली तर ती तस्करी ठरू शकते आणि पुढच्या वर्षी कोर्सला परवाना मिळायची पंचाईत होते.

गाइडना पटवायचं तर दोन गोष्टी घेऊन जा. पहिली, वर सांगितलेला आठ-दहा प्रयोगांचा हिशेब. दुसरी, तुमच्या स्वतःच्या प्रतिमेतला असा एक भाग, जिथे तुमचं वर्गीकरण चुकतंय आणि का चुकतंय हे दोघांनाही माहीत नाही. कोर्समधल्या एकट्याने करायच्या प्रकल्पाला तो प्रश्न लावता येईल, असं त्यांना सांगा. तिथे पोचल्यावर तो बदलला तरी हरकत नाही. बहुतेकांचा बदलतो.

अर्जात ‘लहानपणापासून निसर्गाची आवड’ हे वाक्य लिहू नका. आम्ही वाचणारे तिथून पुढे भराभर सरकतो. काय येत नाही ते लिहा, आणि ते न आल्यामुळे तुमच्या कामात नेमकं काय अडलंय ते लिहा. तुमच्याकडे ते तयारच आहे: पिक्सेलमधली चाळीस खोडं.

सामानाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. दुर्बीण ८ बाय ४२, पाणी न शिरणारी. कॅमेरा आणि लॅपटॉपसाठी झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेल, नाहीतर महिन्याभरात भिंगात बुरशी येते. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही, पेन्सिली न्या. मोजे, तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट. आणि वहीची पानं रोज रात्री मोबाइलवर फोटो काढून ठेवा. माझ्या एका विद्यार्थ्याची वही नदीत पडली, तेव्हा त्याच्याकडे शेवटच्या चार दिवसांचे फोटो नव्हते. नेमके तेच चार दिवस त्याच्या प्रकल्पाचे होते.